पोरांचे भांडण आणि फौजदारी कायदा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मुलगा पोलीस ठाण्यात बसलेला असतो आणि बाप म्हणतो, "साहेब, पोरांचे किरकोळ भांडण होते हो!" बापाचे म्हणणे खरेच असते. परंतु भांडणाचे कारण किरकोळ होते म्हणून गुन्हा किरकोळ होत नाही. जखम कोणती, हातात काय होते, हेतू कोणता आणि बरोबर किती जण होते, हे कायदा पाहतो.

समजा, मैदानावर धावबादवरून दोन मुलांची जुंपली. एकाने थप्पड मारली. ही साधी दुखापत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५ प्रमाणे तिला एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पण असे होईल हे जाणून जोराचा ठोसा मारला आणि दात तुटला, तर ती जबर दुखापत ठरते. कलम ११७ प्रमाणे शिक्षा सात वर्षांपर्यंत. जखमी माणूस १५ दिवस आपला नेहमीचा कामधंदा करू शकला नाही, तरीही ती जबर दुखापतच. जुन्या दंड संहितेत ही मुदत २० दिवसांची होती.

आता हाताशी असलेला स्टंप उचलून कोणी डोक्यात घातला तर? जीव जाऊ शकेल अशा साधनाने जबर दुखापत केल्यास कलम ११८ प्रमाणे कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त जन्मठेप. जीव घेण्याचा हेतू दिसला तर कलम १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न. समोरचा वाचला तरीही हा आरोप टळत नाही, आणि दोन्ही घरांनी समेट केला म्हणून तो आपोआप मिटतही नाही.

विद्यार्थी मित्रांनो, "मी फक्त बरोबर गेलो होतो" हे वाक्य तुम्हाला वाचवील असे समजू नका. नुसता बघ्या गुन्हेगार नसतो. पण मारण्याच्या इराद्याने निघालेल्या पाच किंवा अधिक जणांत तुम्ही सामील झालात, तर त्या उद्देशाने एकाने केलेल्या गुन्ह्याला कलम १९० प्रमाणे सारेच जबाबदार. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे, पण गरजेपुरताच. पळणाऱ्याला गाठून मारणे हे स्वसंरक्षण नव्हे.

वय लहान आहे, यावरही विसंबू नका. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर खुनासारखा आरोप असल्यास, बाल न्याय मंडळाच्या प्राथमिक तपासणीनंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. आणि आखातात नोकरीची आस धरणाऱ्या घरांनी हेही ध्यानात ठेवावे की फौजदारी खटला चालू असताना पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो. मग न्यायालयाची परवानगी मिळवीत फिरावे लागते.

पालकांना माझी एकच विनंती. मुलगा मार खाऊन घरी आला तर चुलत-मावस भावांना गोळा करू नका. त्याला सरकारी दवाखान्यात न्या, जखमांची नोंद करून घ्या आणि फिर्याद द्या. आता ती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. आणि मुलगा मारून घरी आला, तर त्याची पाठ थोपटू नका. त्याच दिवशी त्याला घेऊन समोरच्या घरी जा.