नांदेडहून व्हँकूव्हर किती लांब?



नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला इंग्लंडहून, कॅनडाहून भाविक येतात. 1708 साली गुरू गोविंदसिंगजींनी इथं देह ठेवला. त्याला 300 वर्षं झाली तेव्हा, 2008 च्या गुरू-ता-गद्दी सोहळ्याला, जगभरातून माणसं आली. ती किती लांबून येतात, हे भिंतीवरच्या नकाशावर पट्टी लावून मोजू नका. नकाशा फसवतो. त्यावर कॅनडातलं व्हँकूव्हर पार डाव्या कडेला दिसतं, आणि वाटतं, विमान आफ्रिकेवरून, अटलांटिक ओलांडून जात असणार.

शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि शिवणाचा दोरा घ्या. एक टोक नांदेडवर अंगठ्यानं दाबा. लातूरही त्याच अंगठ्याखाली जाईल. दोन गावांत सरळ रेषेत सुमारे 115 किलोमीटरच अंतर आहे. दुसरं टोक व्हँकूव्हरवर धरून दोरा ताणा. सैल असेल तोवर तो इकडंतिकडं सरकतो. तट्ट झाला, की थेट उत्तरेला चढतो. हिमालय, तिबेट, सैबेरिया, मग आर्क्टिक महासागर, आणि अलास्कावरून खाली उतरतो. हीच सगळ्यात जवळची वाट. आता तेवढाच दोरा विषुववृत्तावर ठेवा नि अंश मोजा. साधारण 109 भरतील. एका अंशाला 111 किलोमीटर धरा. सुमारे 12,100 किलोमीटर होतात. दोऱ्यानं एवढं कळतं, याचा मला फार आनंद वाटतो.

6 जून 2023 ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळं रशियातल्या मगदानला उतरलं. अमेरिकेला जाणारं विमान रशियात कसं, असं कुणाला वाटलं असेल, तर उत्तर याच दोऱ्यात आहे.

पण विमान दरवेळी दोऱ्यावरूनच जातं असं नाही. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचं वारं वाहतं. ऑक्टोबर 2016 मध्ये याच दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गावर एअर इंडियानं अटलांटिक सोडून पॅसिफिकची वाट धरली. अंतर वाढून सुमारे 15,300 किलोमीटर झालं, तरी वारं पाठीशी असल्यानं विमान साडेचौदा तासांत पोचलं. अटलांटिकवरून जाताना याहून जास्त वेळ लागे. म्हणून लेक किंवा नातू तिकडं असलेल्या आईवडिलांनी तिकीट बघताना किलोमीटर नाही, तास बघावेत. जाताना आणि येताना ते सारखे नसतात.

लातूर-नांदेडच्या गुरुजींना आणि बाईंना माझी कळकळीची विनंती आहे. कपाटातला पृथ्वीगोल बाहेर काढा, पोरांच्या हातात द्या. फुटला तर फुटू द्या. आधी लंडन मोजायला सांगा. दोरा वायव्येला जाईल आणि उत्तर साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास येईल. त्यानंतर ज्याच्या त्याच्या मनातलं गाव.