राजधानी मुंबई : तिचा स्वभाव व आपले कर्तव्य



राजधानी मुंबईविषयी चार शब्द बोलण्याची कार्यकारी मंडळाची आज्ञा आम्ही शिरोधार्य मानतो. राणीचा बाग, गेटवे ही स्थळे आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलीच आहेत. त्यांचे वर्णन आम्ही करीत नाही. त्या नगरीचा स्वभाव कसा आहे आणि तेथे जाणाऱ्या आपल्या मुलांसाठी आपण काय करावे, एवढेच सांगावयाचे आहे.

मुंबई ही मूळची सात बेटे. कोळी बांधवांची वस्ती आणि मुंबादेवीचे ठाणे हे तिचे जुने वैभव. १६६१ साली पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहाच्या करारात ती इंग्लंडच्या राजास आंदण मिळाली. १६६८ साली त्याने ती वर्षाकाठी अवघ्या १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. पुढे खाड्या बुजवून व समुद्र हटवून बेटे सांधण्यात आली. म्हणजे पायाखालची पुष्कळशी जमीनही भर घालून केलेली. भोवती अथांग समुद्र, परंतु पिण्याचे पाणी बेटाबाहेरच्या विहार, तानसा अशा तलावांतून नळाने आणावे लागले. कापूस बाहेरचा, कामगारही बाहेरचे. मुंबईचा स्वभाव तो हाच : बाहेरून आलेल्यांवर ती जगते आणि त्यांना जगविते.

आपल्या सोलापुराशी तिचा ऋणानुबंध जुना आहे. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली. १८६० साली रूळ सोलापुरास पोहोचले आणि १८६३ साली बोरघाट ओलांडला गेल्यावर मार्ग सलग झाला. मुंबईचे व्यापारी मुरारजी गोकुळदास यांनी १८७७ साली येथे गिरणी काढली. तीच आपली 'जुनी गिरणी'. तिकडील भांडवल इकडे आले आणि इकडील माणसे पोटासाठी तिकडे गेली.

मुंबई काम देते. निवारा मात्र सहजी देत नाही. गिरणगावात एकेका खोलीत एका गावची दहा-वीस माणसे पाळीपाळीने निजत. दिवसपाळीचा उठला की त्याच वळकटीवर रातपाळीचा अंग टाकी. जेवण खानावळवाल्या भगिनींच्या हातचे. अशा भगिनींचे अन्नपूर्णा महिला मंडळ प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली उभारले. मुंबई राहण्याजोगी केली ती अशा परस्परांच्या आधाराने.

१ मे १९६० रोजी संयुक्त महाराष्ट्राची राजधानी म्हणून ती आपली झाली. त्यासाठी शंभराहून अधिक हुतात्म्यांनी प्राण वेचले. तथापि राजधानी हक्काची झाली, तरी खोली हक्काची झाली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. आयुष्य वेचलेली माणसे गावी परतली आणि गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. ज्यांचे गावाकडील घर शाबूत होते, तेच त्यातल्या त्यात तरले.

यावरून दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. मुलामुलींना मुंबईस अवश्य पाठवावे, पण हाती एखादी विद्या वा कसब देऊन. आणि गावचे घर मोडून नव्हे. दुसरी विनंती मुंबईस्थित बांधवांना. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत गाडीने सुमारे साडेसहा तासांत मुंबई गाठता येते. प्रवास सोपा झाला, पहिला महिना मात्र पूर्वीइतकाच कठीण आहे. आपल्या खोलीत एका नवागताला महिनाभर पथारीपुरती जागा द्यावी. आपल्याही वडिलांना कोणीतरी अशीच जागा दिली होती. संघाने अशा घरांची एक यादी करून ठेवली, तर वार्षिक सभेचे सार्थक होईल.