उपचारकक्षातून वर्गाकडे

(शालेय उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक व वर्गशिक्षक यांच्यासाठी रुग्णालयाने घेतलेल्या प्रशिक्षण वर्गाच्या समारोपप्रसंगी प्रशासकांनी केलेले भाषण)



आम्ही प्रशासन विभागातील माणसे, वाणिज्य शाखेत शिकलेली. व्यवसायोपचार वा वाचा-उपचार या विषयांत आपणांस काही सांगावे, असा आमचा अधिकार नाही. हिशेब मात्र आम्हांस मांडता येतो आणि तोच आपल्यापुढे ठेवीत आहोत.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. आपल्या विभागात मूल आठवड्यातून एकदा पाऊण तासासाठी येते, असे धरू. सणवार, परीक्षा, आजारपण वजा जाता वर्षात ४० सत्रे झाली, तर बेरीज ३० तास. एका बाजूस ८००, दुसऱ्या बाजूस ३०. हे तीस तास त्या आठशे तासांत झिरपले नाहीत, तर आमच्या भाषेत ती रक्कम खर्ची पडली. मुलाच्या खात्यावर जमा झाली नाही.

आपल्या देशात व्यवसायोपचाराचे शिक्षण १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी सुरू केले. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाईंचे नाव आज फलटणच्या एका मराठी शाळेस आहे. उपचारतज्ज्ञाचे नाव शाळेस शोभावे, यात आम्हांस औचित्य वाटते. या शास्त्रातील ‘व्यवसाय’ म्हणजे निव्वळ उपजीविका नव्हे, तर माणसाचे रोजचे करणे-सवरणे. मुलाचा व्यवसाय म्हणजे खेळणे, लिहिणे, दप्तर भरणे, मधल्या सुट्टीत डबा उघडून खाणे. हा व्यवसाय चालतो शाळेत.

डब्याचेच उदाहरण घेऊ. ज्या मुलाच्या बोटांत जोर कमी आहे, त्याचा डबा वर्गातील ताई मायेपोटी आणि घाईपोटी क्षणात उघडून देतात. आमच्या उपचारतज्ज्ञ भगिनी सांगतात की, या कामाचे तुकडे पाडावेत. आरंभीचे सगळे तुकडे मोठ्याने करावेत आणि शेवटचा, म्हणजे सैल झालेले झाकण उचलण्याचा, मुलाकडे सोडावा. तो जमला की त्याच्या आधीचा. काम पुरे केल्याचा आनंद अशा रीतीने पहिल्याच दिवशी मुलाच्या वाट्यास येतो. तसेच बाकाचे. पाय अधांतरी लोंबत असतील, तर धड स्थिर राहत नाही आणि अक्षर बिघडते. पायाखाली एक लाकडी पाट पुरेसा असतो. याला ना निधी लागतो, ना निविदा! परंतु हे पाहायचे तर उपचारतज्ज्ञाने वर्गात जाऊन बसले पाहिजे.

येथे नेतृत्वाचा प्रश्न येतो. हा शब्द हल्ली व्यवस्थापनाच्या शिबिरांतून फारच स्वस्त झाला आहे. शाळेत उपचारतज्ज्ञास कोणताही अधिकार नसतो. वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या हाती, वर्ग शिक्षकांच्या हाती. ज्या शिक्षिकेपुढे चाळीस मुले, अपुरा अभ्यासक्रम आणि वर सर्वेक्षणाचे काम आहे, तिला सहा पानी इंग्रजी अहवाल दिला, तर तो कपाटातच जाणार, आणि त्यात तिचा दोष नाही. अर्धे पान मराठीत, त्यात एकच सूचना, असे असेल तर ती अमलात येईल. त्याही आधी तिला विचारावे की, बाई, हे मूल केव्हा अस्वस्थ होते, केव्हा रमते? याचे उत्तर तिच्याजवळ असते. आपल्या चाचण्यांत ते दरवेळी सापडतेच असे नाही. मुलाने प्रगती केली की श्रेय वर्गशिक्षिकेस द्यावे. आमच्या मते नेतृत्व याहून फारसे निराळे नाही.

मुलांनाही बोलावयास शिकविणे अगत्याचे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आणि कलम १६ अन्वये मुलास आवश्यक ते साहाय्य देण्याचे कर्तव्य शिक्षणसंस्थांवर टाकले. पण सहावी-सातवीतील मूल उभे राहून ‘फळा नीट दिसत नाही, मला पुढे बसू द्या’ असे स्वतः म्हणू शकले, तर त्यास पालकांच्या चिठ्ठीची वाट पाहावी लागत नाही. उपचाराच्या उद्दिष्टांत हे वाक्यही असावे.

आता आमच्या बाजूचा हिशेब. देणगीदार विचारतात, वर्षभरात सत्रे किती झाली? एका शाळाभेटीत अर्धा दिवस जातो. तेवढ्यात विभागात चार-पाच सत्रे होतात आणि त्यांचे शुल्कही जमा होते. शाळाभेटी वाढल्या की वार्षिक तक्त्यातील सत्रसंख्या घटलेली दिसेल. ही घट आम्ही विश्वस्त मंडळापुढे समजावून सांगू. ते काम आमचे आहे, आपण त्याची चिंता वाहू नये. शिक्षकांसमवेत घालविलेला वेळ, येण्याजाण्यासह, कामाचा वेळ म्हणून नोंदवावा असा आमचा प्रस्ताव असून तो मंडळाच्या पुढील सभेत येईल.

नोंदवहीत एक रकाना नव्याने आखला आहे: ‘पूर्वी मदत लागत होती, आता मूल आपले आपण काय करते?’ तो उपचारतज्ज्ञांनी भरावयाचा नाही, वर्गशिक्षकांनी भरावयाचा आहे. एक ओळ पुरे. रकाना कोरा राहिला तरी चालेल, मात्र नोंदवही परत यावी. तिच्या प्रती बाहेरच्या टेबलावर ठेविल्या आहेत. जाताना आपापल्या शाळेच्या नावापुढे सही करून घ्याव्यात आणि दिवाळीच्या सुट्टीपूर्वी पहिली नोंद आमच्याकडे पाठवावी, ही विनंती.