नजर सावकाश वळते तेव्हा

बऱ्याच घरांत तोल जाण्याच्या या आजाराची गोष्ट बँकेत सुरू होते. सही जुळत नाही म्हणून चेक परत येतो. मग चाळिशीतला तो माणूस वाडीच्या बांधावरून चालताना झोकांड्या खाऊ लागतो आणि नाक्यावरची मंडळी म्हणतात, आज दुपारीच घेतलेली दिसते. पुढे जीभ जड होते. घरात कुणी मीठ-मिरच्या ओवाळून नजर काढतं, कुणी जीवनसत्त्वांच्या इंजेक्शनांचा कोर्स करायला लावतं. वसईतल्या वटारहून नालासोपारा, तिथून चर्चगेट लोकल, हातात एमआरआयच्या फिल्मची पिशवी. प्रत्येक डॉक्टरमागे एक नवं नाव. आजार मात्र आपल्या चालीनं पुढे सरकत राहतो.

डॉ. नोशीर वाडिया यांनी १९५७ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूविकार विभाग सुरू केला, तेव्हा एमआरआय सोडाच, सीटी स्कॅनही नव्हता. हातोडी, टॉर्च आणि निरीक्षण, एवढ्यावरच भागवायचं. तोल जाणारे रुग्ण येत, त्यांतल्या काहींच्या नजरेत वाडियांना काही वेगळं आढळलं.

ती तपासणी इथे बसल्या बसल्या करता येईल. डॉक्टर दोन्ही हातांची बोटं रुग्णाच्या डावी-उजवीकडे धरतात आणि म्हणतात, “मान हलवू नका. या बोटाकडे बघा, आता त्या बोटाकडे.” निरोगी डोळा एका बोटावरून दुसऱ्यावर उडीच मारतो, मधला प्रवास पाहणाऱ्याला धड दिसतही नाही. या रुग्णांचे डोळे मात्र चिखलातून बैलगाडी ओढावी तसे सरकत जातात. रुग्ण डोळे मिचकावतात, मानेला झटका देतात, कशीबशी नजर पोहोचवतात. रुग्णाला स्वतःला बहुधा याचा पत्ता नसतो. तक्रार पायांची असते, डोळ्यांची नसते. त्यामुळे विचारल्याशिवाय आणि पाहिल्याशिवाय ही खूण हाती लागत नाही.

वाडिया आणि त्यांचे सहकारी डॉ. आर. के. स्वामी यांनी अशी नऊ कुटुंबं अभ्यासली आणि १९७१ मध्ये लंडनच्या ‘ब्रेन’ या नियतकालिकात मांडलं, की मंद नजरेचा हा आनुवंशिक आजार आतापर्यंत नोंदलेल्या प्रकारांहून निराळा आहे. जनुकाचा पुरावा यायला पंचवीस वर्षं लागली. १९९६ मध्ये बाराव्या गुणसूत्रावरचं जनुक सापडलं. त्यात सी-ए-जी ही तीन अक्षरं बहुतेक माणसांत २२ वेळा येतात. ती ३३ किंवा त्याहून जास्त वेळा आली की लहान मेंदू आणि मेंदूचा देठ झिजू लागतो. १९९८ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या वाडियांनी सहा भारतीय कुटुंबांचा जनुकीय अभ्यास त्याच नियतकालिकात छापला. त्या आजाराला आता एससीए-२ म्हणतात, आणि मंद नजर ही त्याची महत्त्वाची खूण मानली जाते.

आईवडिलांपैकी एकाला हा आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. पुढच्या पिढीत अक्षरं वाढण्याकडे कल असतो, म्हणून बापाला पन्नाशीत जे झालं ते मुलाला तिशीत होऊ शकतं. अशा वेळी सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे वंशावळ. “आजोबा शेवटी काठीशिवाय चालत नव्हते, वय झालं होतं” हे वाक्य आपण सहज बोलून जातो. वय किती होतं? त्यांच्या भावंडांचं काय? आपल्या वसईत चर्चच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या आहेत, हिंदू घरांच्या नामावळ्या त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे असतात. नावं तिथं मिळतील, कुणाचा तोल जायचा हे मात्र घरातली म्हातारी माणसंच सांगतील.

एससीए-२ बरा करणारं औषध आजही नाही. मग नाव कशाला शोधायचं, असं कुणी विचारील. एक तर वणवण आणि नको ती इंजेक्शनं थांबतात. आणि दुसरं कारण अधिक मोठं आहे: अशाच वाटणाऱ्या आजारांच्या गर्दीत औषधानं आटोक्यात येण्याजोगे काही लपलेले असतात.

विल्सनचा आजार त्यातला एक. यकृतात आणि मेंदूत तांबं साचतं, हात थरथरतात, बोलणं अडखळतं, शाळेतल्या हुशार मुलाचं अक्षर बिघडतं. खूण पुन्हा डोळ्यातच: बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडं. १९०२ मध्ये कायझर या जर्मन डॉक्टरनं ते पाहिलं, पण रुग्णाला भलताच आजार आहे असं समजून. मुंबईत दस्तूर, मंघानी आणि वाडिया यांनी १९६८ मध्ये अशी सोळा कुटुंबं नोंदवली. तांबं बाहेर काढणारं पेनिसिलामाइन १९५६ पासून उपलब्ध आहे आणि जस्ताच्या गोळ्याही मिळतात. औषध जन्मभर घ्यावं लागतं, पण वेळेवर सुरू झालं तर माणूस आपलं आयुष्य जगतो.

तेव्हा ओपीडीत जाताना मोबाइलवर रुग्णाच्या चालण्या-बोलण्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या, जुन्या सह्यांचं पासबुक न्या, वंशावळीचा कागद न्या. आणि घरात एकाला विल्सन निघाला, तर त्याच्या सगळ्या सख्ख्या भावंडांची तपासणी करून घ्या, ती कितीही धडधाकट दिसत असली तरी. त्यांच्यापैकी प्रत्येकाला तो असण्याची शक्यता चारात एक असते.