दाखल्याची वाट पाहताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



परदेशच्या कागदपत्रांवर मी चार शब्द बोलावे असे मंडळाने ठरविले, याचे मला स्वतःलाच नवल वाटते. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत. पासपोर्ट मी काढलेला नाही. पण आता आपल्या सोनगीरच्याही लेकी-सुना सातासमुद्रापलीकडे आहेत. म्हणून आमच्या घरी घडले ते सांगते.

आमच्या धाकट्या वन्सं अमेरिकेत न्यू जर्सीला असतात. त्यांनी व त्यांच्या यजमानांनी तिकडचे नागरिकत्व घेतले. आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व आपण होऊन घेतले की इकडचे संपते. त्या दोघांचे तिकडचे पासपोर्ट झाले. राहिला चौदा वर्षांचा मुलगा. त्याच्या नागरिकत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज करून कित्येक महिने लोटले, तरी दाखल्याचा पत्ता नाही. अशातच इकडे सासूबाईंना धुळ्याच्या दवाखान्यात ठेवावे लागले. हृदय फार अशक्त झाले होते. जरा बरे वाटले की एकच विचारीत, "नातू कधी येतो?"

वन्सं फोनवर रडू लागल्या. "वहिनी, मी एकटी निघू, की त्याच्या दाखल्यासाठी थांबू?" आता यावर मी बापडी काय सांगणार!

पण त्यांनी तिकडच्या वकिलाला विचारले, तेव्हा निराळेच कळले. तिकडे २००० साली एक कायदा झाला व तो २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू आहे. मूल अठरा वर्षांच्या आतले असेल, त्याच्याजवळ ग्रीन कार्ड असेल, आणि नागरिक झालेल्या आईजवळ किंवा बापाजवळ, त्यांच्या ताब्यात, ते तिथेच राहत असेल, तर ते आपोआप नागरिक होते. दाखला हा नुसता पुरावा. ग्रामपंचायतीत नोंद व्हायची राहिली म्हणून मूल जन्मलेच नाही, असे कोणी म्हणते का? तसेच हे. आईचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, त्याचे ग्रीन कार्ड, एवढ्यावर पासपोर्टचा अर्ज होतो. मूल सोळाच्या आतले, म्हणून आईबाप दोघांनी हजर राहायचे.

जवळचे माणूस परदेशात अत्यवस्थ असेल व चौदा दिवसांच्या आत निघायचे असेल, तर तेथे तातडीची भेट मिळते. मात्र आजाराचा पुरावा लागतो, आणि तो पाठवायचा आपण! मी केस पेपरचा फोटो पाठविला, तो काही उपयोगाचा नव्हता. दवाखान्याच्या छापील कागदावर, इंग्रजीत, रोग्याचे नाव, आजार, जिवाला धोका आहे असे स्पष्ट वाक्य, तारीख आणि डॉक्टरांची सही हवी. नावाचे स्पेलिंग मी वन्संकडून एकेक अक्षर विचारून लिहून घेतले. डॉक्टर शस्त्रक्रियेत होते. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मी त्यांच्या दाराशी बसून राहिले. घरी हे म्हणत होते, उद्या जा. उद्या कशाला?

पासपोर्ट मिळाला, मग आपल्या वकिलातीतून तातडीचा व्हिसा. दहाव्या दिवशी मायलेक धुळ्याला पोचली. सासूबाईंनी नातवाचा हात धरला व म्हणाल्या, "मोठा व्हई गया रे भाऊ!" त्याला अहिराणी कळेना, पण हसला. त्यानंतर बाराव्या दिवशी त्या गेल्या.

आणखी एक. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीच्या बाळाची नोंद होते, पण पुष्कळदा नावाची जागा कोरीच राहते. बारा महिन्यांच्या आत नाव फुकट घालता येते, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आज घरी गेल्यावर ट्रंकेतले दाखले एकदा उघडून पाहा.

डॉक्टरांच्या त्या पत्राची नक्कल मी जपून ठेवली आहे. कोणाला लागली तर दुपारी चारनंतर मी घरीच असते.