घर रिकामें करा म्हणतां, मग जावयाचें कोठें?

(मुंबईच्या चाळकरी भाडेकरूंच्या सभेंत झालेलें भाषण)



इमारती बांधण्यावर सरकारचा वचक नसावा असें म्हणणारे आम्ही नव्हे. ४ एप्रिल २०१३ रोजीं मुंब्र्याजवळ शीळफाट्याला परवानगीवांचून चढत असलेली इमारत कोसळली आणि ७४ माणसें मेलीं. त्यांत तेथेंच राबणारे मजूर होते, त्यांचीं लेंकरें होतीं. नियम पाहिजेच. पण तो कोणाच्या अंगावर येतो, हें आज पाहावयाचें आहे.

त्याच सालीं २७ सप्टेंबरच्या पहाटे डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत पडली. ६१ जीव गेले. ही इमारत कोणा शेठजीची नव्हती. खुद्द म्युनिसिपालिटीची होती आणि आंत राहत होतीं तिच्याच नोकरांचीं कुटुंबें. परक्याच्या भिंतीचा तडा पाहून नोटीस डकविणाऱ्या खात्याला आपल्या घरचा तडा दिसला नाहीं! तळमजल्याच्या गुदामांत केलेल्या फेरफारांनीं इमारत खचली, असा आरोप झाला. तें गुदाम तपासण्याचें काम कोणाचें होतें? आणि नांव तरी कोणाचें दिलें होतें? परदेशी कापडाच्या मोटारीपुढें १९३० सालीं प्राण देणाऱ्या गिरणी कामगाराचें!

हा प्रकार नवा नाहीं. प्लेगनंतर १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यानें गलिच्छ वस्त्या पाडल्या. निघालेलीं माणसें शेजारच्या चाळींत शिरलीं आणि तेथें दाटी वाढली. पुढें १९४७ च्या कायद्यानें भाडें गोठलें. गरिबाचें छप्पर राहिलें, पण मालकानें दुरुस्तीवरचा हात काढला. तेव्हां १९६९ सालीं सरकारनें उपकर बसवून दुरुस्ती आपल्याकडे घेतली. अशा इमारती त्या वेळीं १९,६४२ होत्या.

आज कायदा सांगतो कीं, तीस वर्षांवरील इमारतीची तपासणी मालकानें किंवा राहणाऱ्यानें करून घ्यावी. ती अतिधोकादायक ठरली कीं ३५४ व्या कलमाची नोटीस येते, मग नळ तुटतो, वीज तुटते. अधिकारी म्हणतो, "तुमच्याच जिवासाठीं." खोटें नाहीं तें. तरी लोक हालत नाहींत, तें मरणाची हौस म्हणून नव्हे. संक्रमण शिबिरांत गेलेल्यांचीं मुलें तेथेंच लग्नाचीं झालेलीं त्यांनीं पाहिलीं आहेत. परत येण्याचा कागद हातीं नाहीं, म्हणून माणूस तड्याखालीं निजतो. खोली मोठी करण्यासाठीं भिंत फोडणारे आपल्यांतही आहेत. त्यांना आधीं आपणच आवरलें पाहिजे.

इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क बुडत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं सांगितलें आहे. पण खोलीचें माप कोणाच्या दप्तरीं नसेल तर तो हक्क दाखवावयाचा कसा? म्हणून आमची मागणी एवढीच: नोटिशीबरोबर प्रत्येकाच्या खोलीचें माप आणि नांव लिहून, सहीशिक्क्यानिशीं त्याच्या हातीं द्या, तात्पुरती जागा कोठें आणि किती दिवस, तेंही त्यांतच लिहा. मग घर रिकामें करण्यास आम्हीच लोकांना सांगूं.

दाराशीं वही ठेवली आहे. जातांना खोलीचा नंबर, लांबी-रुंदी आणि भाड्याची पावती कोणाच्या नांवें आहे तें लिहून जा. वडिलांच्या नांवची पावती अजून बदलली नसेल, तर तेंही लिहा.