चेहरा कोरा, मन भरलेले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाची मला सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत. परंतु घरात जे पाहिले ते सांगावे, एखादीला उपयोगी पडेल, एवढ्याच हेतूने उभी आहे.

माझ्या मामाजींना पार्किन्सनचा आजार आहे. आपण त्याला कंपवात म्हणतो. कापणारा हात सर्वांना दिसतो. न दिसणारे दुखणे त्याहून अवघड. 2024 साली माझी मुलगी दहावी पास झाली. पेढा घेऊन आजोबांच्या पाया पडली, तर त्यांचा चेहरा दगडासारखा. पोर आत येऊन रडली. मलाही राग आला. रात्री अंथरूण झटकताना त्यांच्या उशीखाली पाकीट सापडले. आत एकशे एक रुपये, वर मुंगीएवढ्या अक्षरांत तिचे नाव. द्यायचे राहून गेले होते.

पुढे नागपूरला डॉक्टरांनी समजावले. मेंदूत डोपामाइन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. त्यामुळे चेहऱ्याची हालचाल मंदावते, अक्षरही बारीक होते. आनंद आत असतो, तोंडावर उमटत नाही. शिवाय काही रोग्यांना समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग, दुःख ओळखणेही जड जाते. मी डोळे पुसत भाकरी थापीत असे आणि मामाजी चहा मागत. किती हे निष्ठुर, असे मी मनात म्हणे. ती निष्ठुरता नव्हती, दुखणे होते.

1817 साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी ह्या रोगाचे वर्णन लिहिले, तेव्हा बुद्धी शाबूत राहते असे त्यांना वाटले. आता कळले आहे की पुष्कळांचा विचार मंदावतो, काहींना पुढे स्मृतिभ्रंशही होतो. ज्यांनी जन्मभर दुकानाचे हिशेब ठेवले, ते मामाजी आता आधी पाणी की पत्ती इथेच अडतात.

म्हणून आम्ही एका वेळी एकच काम सांगतो. उत्तराला वेळ देतो. गोळी घड्याळ पाहून देतो. नसलेली माणसे दिसू लागली तर वाद न घालता डॉक्टरांना कळवावे. कधी औषधानेही तसे होते. आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांत गोळीतलेच लेव्होडोपा असते, हे खरे. पण म्हणून ती आपल्या मनाने देऊ नये.

आणि मनातले तोंडाने बोलावे. मी आता सांगते, "मामाजी, आज मला वाईट वाटतंय." ते थांबतात, मग म्हणतात, "बस थोडी." मुलगीही विचारते, "आजोबा, आनंद झाला का?" उत्तर उशिरा येते, पण येते.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तेथे रोगी आणि घरची माणसे एकत्र जमतात. आपल्या मंडळानेही महिन्यातून एक दुपार अशा घरांसाठी ठेवावी, ही माझी विनंती. त्या दिवशीचा चहा माझ्याकडे.

चुकले असेल तर क्षमा करावी.